भीती दूरची, धोका जवळचा

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या पठारावर दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्यानंतर अनेक कुटुंबांनी काश्मीरची सहल रद्द केली. हे स्वाभाविकच होते. जीव मुठीत धरून कोणी सुट्टी घालवत नाही. पण काश्मीरऐवजी आपण कुठे गेलो आणि कसे गेलो, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

माणूस धोका आकड्यांनी मोजत नाही, हे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. जे भीषण, अनोळखी आणि आपल्या हाताबाहेरचे, ते मोठे वाटते. जे ओळखीचे आणि आपणहून पत्करलेले, ते किरकोळ वाटते. म्हणून विमान जरा हलले की देव आठवतो. स्टिअरिंग आपल्या हाती असले की डोळ्यांवरची झोपही क्षुल्लक वाटते.

या चुकीची किंमत मोठी असते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर असंख्य अमेरिकनांनी विमान टाळून मोटार काढली. त्यामुळे पुढील वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा बळी गेले, असा जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांचा अंदाज आहे.

आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण दगावले. त्या धसक्याने महामार्गावरची सहल कोणी रद्द केल्याचे ऐकिवात नाही. लोणावळ्याचा भुशी धरण परिसर तर घरच्यासारखा. पण ३० जून २०२४ रोजी तिथल्याच धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ओळखीची जागा सुरक्षित असतेच असे नाही.

काश्मीरला जावे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. भीतीला हसण्याचेही कारण नाही. तिनेच माणसाला आजवर तगवले आहे. मात्र ठिकाण बदलले म्हणजे धोका टळला, असे समजू नये. मागच्या सीटवरही पट्टा लावावा, रात्रभर गाडी हाकू नये, पावसाळ्यात प्रवाहात उतरू नये, हवामान खात्याचा इशारा वाचूनच निघावे. सहलीचे ठिकाण ठरवताना बातमी आठवते, तसा वाटेतला रस्ताही आठवावा.