टॉनिकच्या पेल्यातील मोह

टॉनिकमध्ये मिसळण्यास कोणती जिन उत्तम, याची चिकित्सा महानगरांत हल्ली मोठ्या रसिकतेने चालते. वस्तुतः जिन म्हणजे धान्याच्या वा मळीच्या मद्यार्कास ज्युनिपरच्या फळांचा दिलेला गंध. टॉनिकमधील क्विनीनचा कडवटपणा आणि साखर तिच्यातील सूक्ष्म भेद बव्हंशी झाकून टाकतात. चढी किंमत पुष्कळदा नावाचीच असते.

आता जिनऐवजी मोहाचे मद्य वापरावे, असा नवा पर्याय सुचविला जातो. २०२१ मध्ये मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूस ‘वारसा मद्य’ म्हणून विकण्याची घोषणा केली. त्याच वर्षी महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलनावरील निर्बंध उठविले. पहाटे फुले वेचणाऱ्या आदिवासीस योग्य भाव मिळणार असेल, तर त्यात गैर काय?

शहाद्यात मात्र या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. १९७२ च्या सुमारास याच तालुक्यातील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. त्यांचा रोष मोहाच्या झाडावर नव्हता. घरची मजुरी गिळणाऱ्या आणि बायकोवर हात उगारणाऱ्या व्यसनावर होता.

फुलाला भाव आणि भट्टीला परवाना हे दोन भिन्न प्रश्न होत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस गौण वनोपजाची मालकी आणि मद्यबंदीचा वा नियमनाचा अधिकार, दोन्ही दिले आहेत. शहरी ग्राहकाने पेल्यात काय ओतावे, हा त्याच्या रुचीचा प्रश्न आहे. गावात भट्टी पेटावी की नाही, हे ठरविण्याचा पहिला हक्क मात्र मडकी फोडणाऱ्यांच्या लेकीसुनांचा आहे.