पट्टीचा माणूस
सामना रंगात आला की सगळ्यांची नजर चेंडूवर; माझी हल्ली मैदानाच्या कडेला उकिडवं बसलेल्या, खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्या माणसाकडे जाते. अमेरिकेत, इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात, असे एक विल्यम नेवेल होते. सगळे त्यांना ‘पिंकी’ म्हणत. फुटबॉलवाल्या पोरांचे घोटे-गुडघे त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. घोटा बांधणं हे कसबाचं काम. पाऊल काटकोनात धरायचं, चिकटपट्टी टाचेखालून रिकिबीसारखी वर घ्यायची, मग इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायची, आणि सुरकुती एकही राहू द्यायची नाही. राहिली की मध्यंतराच्या आत फोड आलाच म्हणून समजा! एके काळी या ‘ॲथलेटिक ट्रेनर’ लोकांना बादली-स्पंज घेऊन धावणारा गडी समजत. १९५० साली कॅन्सस सिटीत त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९५५ मध्ये नेवेल तिचे सचिव झाले, १९५९ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा ठरला. डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, या पेशाला मान्यता दिली ती मात्र १९९० साली. नेवेल १९८४ मध्येच गेले होते. आपल्याकडे कित्येक कॉलेजांच्या संघाबरोबर अजून जातो तो वेदनाशामक स्प्रेचा डबा, आणि तो फवारायला एखादा राखीव खेळाडू.