सिकलसेलचे निदान जन्मताच व्हावे

‘ऑप्टिकल बायोसेन्सर’ म्हटले की मोठ्या शहरातली प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. पण कोरोनाच्या काळात अनेकांनी घरी वापरलेली चाचणीपट्टी हा त्याचाच सोपा प्रकार आहे. नेमका एकच रेणू ओळखणारी प्रतिपिंडे आणि ती ओळख पटल्याचे रंगातून दाखवणारे कण, एवढेच त्यात असते. बहुतेक पट्ट्यांत हे कण सोन्याचे असतात. इतक्या सूक्ष्म आकारात सोने हिरवा प्रकाश शोषते, म्हणून लाल दिसते. कण एका ओळीत अडकले की रेषा उमटते. ती वाचायला वीज किंवा यंत्र लागत नाही.

नंदुरबारला याची गरज सिकलसेलसाठी आहे. भिल्ल, पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. प्राथमिक तपासणीसाठी आपण सोल्युबिलिटी चाचणी करतो. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या रेषा दिसेनाशा होतात. ही चाचणी स्वस्त आहे, पण वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे तिच्यातून कळत नाही. सहा महिन्यांखालील बाळांत ती विश्वासार्हही नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बरेच असते. त्यामुळे नमुना पुढच्या तपासणीसाठी पाड्यावरून दूर पाठवावा लागतो. अहवाल येईपर्यंत कुटुंब मजुरीसाठी गुजरातेत गेलेले असू शकते.

प्रतिपिंडांवर चालणाऱ्या नव्या पट्ट्या साधे आणि सिकल हिमोग्लोबिन वेगवेगळे ओळखतात. त्यांना थेंबभर रक्त आणि काही मिनिटे पुरतात, आणि नवजात बाळाचीही तपासणी करता येते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. माझ्या मते त्यात पहिला मान बाळाचा असावा. सिकलसेलग्रस्त मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि साधा वाटणारा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. दोन महिन्यांपासून पेनिसिलिन आणि वेळेवर न्यूमोकोकल लस दिल्यास यातले बरेच मृत्यू टळतात. निदान तिसऱ्या वर्षी झाले, तर ही संधी हातची गेलेली असते.

मात्र नुसत्या पट्ट्या वाटून भागणार नाही. काही पट्ट्यांत रेषा उमटणे म्हणजे ते हिमोग्लोबिन ‘आहे’, तर काहींत रेषा न उमटणे म्हणजे ‘आहे’. परिचारिकेला नेमक्या त्याच पट्टीचे प्रशिक्षण हवे. बाधित निघालेल्या प्रत्येक बाळाची एचपीएलसीने खात्री करायला हवी. आणि औषध उपकेंद्रातच मिळायला हवे. धडगाव-अक्कलकुव्यात जन्मलेल्या बाळाची तपासणी आई घरी जाण्यापूर्वी व्हावी आणि पहिले औषध लसीकरणाच्या दिवशीच हाती पडावे. मोहिमेचे यश किती लाख तपासण्या झाल्या यावर मोजू नये. निदान झालेली किती मुले पाचवा वाढदिवस पाहतात, यावर मोजावे.