पेन्शनचा हिस्सा फंडात नको

‘मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनला न वळवता फंडातच ठेवा’ हे पत्र वाचले. साखर कामगाराचा मुलगा म्हणून मला ते अजिबात पटले नाही. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड विहीर आणि बहिणीचे लग्न यांत दोन वर्षांत संपला. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) पेन्शन मात्र येत राहिली. ते गेल्यावर निम्मी आईला मिळते. पासबुकात नोंद झाली की ती आधी बीपीच्या गोळ्या आणते.

रक्कम तुटपुंजी आहे, हे खरेच. २०१४ साली किमान पेन्शन ठरली ती अवघी १,००० रुपये, त्यावर महागाई भत्ताही नाही. म्हणून पेन्शन सोडायची नसते, वाढवून मागायची असते. पत्रलेखकांनी त्या मागणीवर सही करावी.

— एक वाचक, राहाता, जि. अहिल्यानगर