गाडी बदलू, की गाडीला बदलू?

रात्री जेवणं झाली की आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभं राहून बघा. सबमिशन, प्लेसमेंट, मेसमधली फ्लॉवरची भाजी असे सगळे विषय चघळून झाले की चर्चा हमखास गाड्यांवर येते. तिथे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, "आहे तीच मस्त मॉडिफाय कर, लोक वळून बघतील." दुसरा म्हणतो, "त्या खटाऱ्यात पैसे कशाला घालतोस? विकून टाक, दुसरी घे." गेले सहा महिने मी या दोन्ही पक्षांत आलटून पालटून होतो. आता दोन्ही सोडलेत. का सोडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझी गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. काळी, निळ्या पट्ट्यांची, एमएच-११ ची स्प्लेंडर प्लस. टाकीवर अजून 'हिरो होंडा' असं लिहिलंय. हे नाव २०११ मध्येच इतिहासजमा झालं, त्यामुळे आमच्या विंगमध्ये तिला 'पुरातत्त्व खातं' म्हणतात. आबांनी ती २००६ साली हळदीच्या पैशातून घेतली. तेव्हा मी एक वर्षाचा होतो. टाकीवर बसवून काढलेला माझा फोटो घरी आहे. मागे लोखंडी कॅरिअर आहे आणि त्याला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे आकडे. त्या कॅरिअरमुळे तिला आणखी एक नाव पडलं, 'दूधवाल्याची गाडी'. मीही हसायचो. हसण्यावारी न्यायचं ठरवलं की सगळं जातं, असं आपल्याला वाटतं. ते तितकंसं खरं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप केली, त्याचे अठरा हजार हातात आले. पहिला विचार आला तो कॅफे रेसरचा. एका गॅरेजवाल्याकडून अंदाजपत्रक घेतलं: अलॉय व्हील्स, मागे रुंद टायर, सिंगल सीट, खाली बसवलेलं हँडल, मोकळा सायलेन्सर, मॅट पेंट आणि "इंजिनला थोडं बोअर मारून देतो, पळायला लागेल." एकूण एकतीस हजार. सीट बसवायला चासीचा मागचा भाग कापावा लागणार, हे त्याने जाता जाता सांगितलं. उरलेले तेरा हजार कुठून आणायचे याची जुळवाजुळव सुरू झाली.

ते अंदाजपत्रक मी आपल्या वर्कशॉपमधल्या मामांना दाखवलं. म्हटलं, वेल्डिंगचं काम इथेच झालं तर दोन हजार वाचतील. मामांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "अरे, गाडी आजारी आहे की तिला नटायचंय, ते आधी ठरव. आजारी असेल तर काय होतंय ते लिहून आण."

लिहायला बसलो. तक्रारी चारच निघाल्या. खंबाटकी घाट चढताना दम टाकते. साठच्या पुढे हँडल थरथरतं. ब्रेक दाबला की गाडी थांबण्याचा विचार करते आणि मग थांबते. मायलेज ४२ वर आलंय. मग एकतीस हजारांची यादी शेजारी ठेवली आणि एकेक खर्च कुठल्या तक्रारीवर उपाय आहे ते जोडायला लागलो. आणि मित्रांनो, एकही रेघ नीट जुळेना!

बोअरचंच घ्या. या इंजिनचा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. पहिल्या वर्षाचं गणित केलं की ९७.२ सीसी येतात. बाजारात ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात ते पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी, साधारण एक मिलिमीटरपर्यंत. ५१ मिमी धरला तर होतात १०१ सीसी. म्हणजे वाढ जेमतेम चार टक्के! हे पिस्टन झिजलेलं सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी असतात, गाडी पळवण्यासाठी नाही. ज्यांना आरएक्स १०० चा पिकअप आठवतो त्यांनी हेही आठवावं की ते टू-स्ट्रोक इंजिन होतं. सीसी सारखे असले म्हणून स्वभाव सारखा होत नाही.

आता रुंद टायर. कंपनीचा २.७५-१८ टायर घेतला तर परीघ सुमारे १८७५ मिमी. त्या जागी १००/९०-१८ टाकला तर साधारण २००० मिमी. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सात टक्के जास्त जाते. ऐकायला छान वाटतं, पण इंजिनचा टॉर्क तोच असल्याने रस्त्यावर मिळणारी ओढ सहा टक्क्यांच्या आसपास घटते. मूळ तक्रार काय होती? घाटात दम टाकते. म्हणजे मी पैसे देऊन तिचा दम आणखी काढणार होतो! चढासाठी खरा उपाय हवाच असेल तर मागच्या स्प्रॉकेटला दोन दात वाढवणं हा आहे, तोही थोडं मायलेज आणि टॉप स्पीड सोडून. फुकट काहीच मिळत नाही, हे थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी दोन सेमिस्टर ओरडून सांगितलंय.

मोकळ्या सायलेन्सरचं तर विचारूच नका. कार्बोरेटरचा जेट तसाच ठेवून फक्त सायलेन्सर मोकळा केला तर मिश्रण पातळ होऊ शकतं, इंजिन तापतं. वाढतो तो आवाज, आणि आवाज म्हणजे पॉवर नव्हे. आपल्या हॉस्टेलला रात्री दीड वाजता त्याचा पुरावा रोज मिळतो.

आणि समजा गाडी खरंच पळायला लागली, ८० ऐवजी १००. वेग पाऊणपट-सव्वापटीचा खेळ वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सव्वापट वेगाला ऊर्जा ५६ टक्के जास्त. ती सगळी जिरवायची कुणी? तर त्याच जुन्या ड्रम ब्रेकने. एकतीस हजारांच्या यादीत ब्रेकचा एक रुपयाही नव्हता. पुढे डिस्क बसवता येते, नाही असं नाही. पण त्यासाठी हब, फोर्कचा पाय, कॅलिपर, मास्टर सिलिंडर असं सगळं एकमेकांना जुळणारं लागतं. हे काम नाक्यावरच्या अंदाजपंचे गॅरेजचं नाही.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सीट कव्हर, आरसे याला कुणी अडवत नाही. चासी कापणं मात्र वेगळी गोष्ट. पंधरा वर्षं झाली म्हणून २०२१ मध्ये आमच्या गाडीची फेरनोंदणी झाली, आणि ती पाच-पाच वर्षांसाठीच मिळते. दर वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. कापलेली गाडी घेऊन मी साताऱ्याच्या आरटीओत काय तोंड दाखवणार होतो?

मग मी उडी मारली दुसऱ्या पक्षात. विकूनच टाकू! नवीन घ्यायची तर साठ हजारांचं कर्ज लागणार होतं. शोरूममधला माणूस म्हणाला, "फक्त दहा टक्के, दोन वर्षं, महिना तीन हजार." तीन हजार गुणिले चोवीस म्हणजे बहात्तर हजार, हिशोब बरोबर. पण हे दहा टक्के फ्लॅट होते. म्हणजे हप्ते भरून मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर. बँकेच्या घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. आणि महिना तीन हजार म्हणजे माझं मेसचं बिल. ते आबा भरतात.

राहता राहिली सेकंडहँड. एक १५० सीसीची बघून आलो, पंचावन्न हजार सांगितले. दिसायला झकास, पण २०१६ ची. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मोठी गाडी घ्यावी, नेमकी तीच तिच्यात नव्हती. शिवाय आरसीवर कर्जाचा बोजा तसाच होता, फॉर्म ३५ चा पत्ता नाही. कुणी जुनी घेत असाल तर एवढं नक्की बघा: बोजा उतरलाय का, चासी नंबर जुळतो का, आणि विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० मालकाने समोर सही करून दिलेत का. "नंतर देतो" या शब्दावर गाडी घेऊ नका.

शेवटी मामांच्या सांगण्यावरून गाडी आधी नुसती दुरुस्त केली. दोन शनिवार गेले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवीन, क्लचप्लेट, हँडलचा कोनसेट, पुढचे-मागचे ब्रेकशू, मागच्या स्विंगआर्मचे बुश, एअर फिल्टर, टॅपेट सेटिंग, फोर्कचं तेल, चाकांचा आउट. फिल्टर काढला तेव्हा त्यातून वाई तालुक्यातली दहा वर्षांची माती निघाली. खर्च सहा हजार चारशे. आता हँडल थरथरत नाही. ब्रेक लागतो. घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते. मायलेज ५८. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर चार लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरले तरी महिना चारशे. सोळा महिन्यांत दुरुस्ती फिटते. कुठलं मॉडिफिकेशन आपले पैसे परत देतं?

इथे लेख संपवला असता तर मी फार शहाणा ठरलो असतो. पण एक गोष्ट राहिली. मामांच्या चार तक्रारींत मी पाचवी लिहिलीच नव्हती. ती म्हणजे, मला त्या गाडीची लाज वाटत होती. रुंद टायर, मॅट पेंट हे सगळं त्या पाचव्या तक्रारीवरचं औषध होतं. ती गाडी किटल्या वाहणारी आहे हे कुणाला कळू नये, एवढंच.

चासी कापायचं जवळजवळ नक्की झालं होतं त्या आठवड्यात मी घरी फोन केला होता. वाटलं होतं आबा चिडतील. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गाडी तुझीच हाय. काय करायचं ते कर. फक्त त्यो कॅरिअर भंगारात घालू नगंस. घरी धाडून दे." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या कॅरिअरवरून रोज पहाटे दूध डेअरीत गेलं, आणि त्या दुधाच्या बिलातून माझ्या अकरावी-बारावीच्या क्लासची फी गेली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त पार्किंगमध्ये उभं असताना आठवत नव्हतं.

कुणी म्हणेल, मग काय मेकॅनिकलवाल्यांनी गाडीला हातच लावायचा नाही? जरूर लावा! आपली मुलं बाहा स्पर्धेसाठी आख्खी गाडी शून्यातून बांधतात. पण तिथे आधी डिझाइन होतं, मग अ‍ॅनालिसिस, मग ब्रेक टेस्ट. चारही चाकं लॉक झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. ते इंजिनिअरिंग. आणि "भाऊ, कापून टाक, मस्त दिसेल," ही केशकर्तनालयातली भाषा. हौस वाईट नाही. पण हौसेला हौस म्हणावं, तिला परफॉर्मन्स म्हणू नये.

आणि नवीन गाडी घेणं हा दर वेळी चोचलाच असतो असंही मी म्हणणार नाही. धाकट्या बहिणीला मागे बसवून मी हायवेने पंच्याऐंशी किलोमीटर वाईला जायचो. नुसते ब्रेकशू बदलून या गाडीला एबीएस येणार नाही, हे दुरुस्तीनंतर जास्त स्पष्ट कळलं. म्हणून बहीण सोबत असली की आम्ही स्वारगेटहून एसटीने जातो. उद्या नोकरी लागली आणि रोज तीस-चाळीस किलोमीटर हायवेने जायची वेळ आली, तर मी दुसरी गाडी घेईन, एबीएसवाली, आणि बिनदिक्कत घेईन. कारण तेव्हा गरज बदललेली असेल, नुसते बघणारे नाही.

तेव्हा माझं मत एवढंच. कागद घ्या. गाडी काय करत नाही ते लिहा. जे दुरुस्तीने सुटतं ते आधी सोडवा. जे सुटत नाही आणि जिवाशी संबंधित आहे, त्यासाठी गाडी बदला. आणि यादीत लिहायची राहिलेली एखादी ओळ असेल, तर ती निदान स्वतःपुरती लिहा. तिच्यावर गॅरेजात औषध नाही.

कॅरिअर अजून गाडीवरच आहे. गॅस सिलिंडर, पुस्तकांची खोकी, गणपतीच्या मंडपाचे बांबू... या वर्षी अर्ध्या हॉस्टेलने ती 'दूधवाल्याची गाडी' मागून नेली आहे. किल्ली रूमच्या दाराला लटकवलेली असते. नेताना सांगून न्या, आणि पेट्रोल टाकून परत आणा!

- टी. ई. मेकॅनिकल