शिधापत्रिकेवरील तेल आणि तरुणांचे रक्त

स्थूल मुलगा दिसला की सुखवस्तू माणसाचे निदान तयार असते : याचा जिभेवर ताबा नाही आणि मैदानाशी संबंध नाही. हे निदान सोयीचे आहे. कारण त्यात दोष मुलाकडे जातो आणि बाजारपेठ व शासन दोन्ही निर्दोष सुटतात. दुर्दैवाने आपल्यापैकी काहींचे उत्तरही तितकेच सोयीचे असते : ‘स्थूलता हा श्रीमंतांचा रोग, आमचा प्रश्न भुकेचा.’ या दोन्ही भूमिका वस्तुस्थितीला धरून नाहीत.

केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले कृश व ५ टक्के अतिवजनाची आढळली. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर मात्र सुमारे १० टक्के होती. म्हणजे अतिवजनाची सर्व मुले त्यांत धरली, तरी निम्मी मुले उरतातच. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी खेड्यांतील नवजात अर्भकांच्या अभ्यासातून याची उकल केली आहे. सरासरी २.७ किलो वजनाच्या या बालकांत स्नायू कमी, पण चरबीचे प्रमाण टिकून असते. मातेच्या कुपोषणाचा वारसा असा देहात उतरतो. भूक आणि स्थूलता हे दोन प्रश्न नव्हेत. ती एकाच विषमतेची दोन रूपे होत.

अशा देहात स्वस्त स्निग्धांश पडतो तेव्हा काय घडते? गरजेहून अधिक आहारातील संपृक्त मेद यकृतात साठतो. मग यकृत व स्नायू इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, आणि साखर आवरण्यासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन स्रवावे लागते. पौगंडावस्थेत हा प्रतिसाद निसर्गतःच मंदावलेला असतो; स्थूल मुलावर म्हणून दुहेरी भार पडतो. फिनलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अतिवजनाच्या प्रौढांना तीन आठवडे जादा आहार दिला गेला. संपृक्त मेद खाणाऱ्यांच्या यकृतातील चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, असंपृक्त मेद खाणाऱ्यांची १५ टक्क्यांनी. तेव्हा स्निग्ध पदार्थ हे विष नव्हे. वाढत्या मुलाला ते हवेतच. प्रश्न कोणता स्निग्धांश आणि कोणाच्या निर्णयाने, हा आहे.

तो निर्णय कोठे झाला? १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज देशाच्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून येतो आणि त्यात मोठा वाटा पाम तेलाचा आहे. या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाचा. शेंगदाणा तेलात तो पाचव्या हिश्शाच्या आसपास. सातारा-सांगलीच्या शिवारातले भुईमुगाचे जुने पीक ऊस आणि सोयाबीनने मागे रेटले. सांगलीचे भडंग आजही शेंगदाण्यावाचून होत नाही; पण ते कोणत्या तेलात परतले, हे गिऱ्हाईक विचारीत नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला : रवा, चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल! २०२१ मध्ये केंद्राने पाम लागवडीसाठी ११,०४० कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. कोरडवाहू भुईमूग उत्पादकाच्या वाट्याला एवढी आस्था केव्हा आली?

‘गरिबाला शेंगतेल परवडत नाही’ हा आक्षेप खरा आहे. पण तो युक्तिवादाचा शेवट नव्हे, आरंभ आहे. किंमत ही निसर्गाची देणगी नसते. आयातशुल्क, अनुदान आणि खरेदीचे धोरण मिळून ती घडते. धोरणाने पाम स्वस्त होऊ शकते, तर धोरणाने शेंगतेल व करडईचे तेलही गरिबाच्या आवाक्यात येऊ शकते. २०२२ च्या जानेवारीपासून तेल-वनस्पतीतील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली, ती कायद्याने. कोणाच्या आत्मसंयमाने नव्हे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात : भुईमूग व करडईची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी; शिधावाटपात आणि शालेय पोषण आहारात त्यांचे तेल; पाकिटाच्या दर्शनी भागावर मेद व साखरेचा ठळक इशारा. तोवर प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत एक साधा प्रश्न विचारावा : आमच्या मुलांच्या खिचडीत कोणते तेल पडते, आणि ते कोणी ठरविले?