सराव नव्हे, शर्यत सोडा

टाच दुखायला लागली की हौशी धावपटूला दोन सल्ले हमखास मिळतात. घरचे म्हणतात, "या वयात कशाला हवीय ही धावाधाव? महिनाभर गप्प बसा." ग्रुपमधले म्हणतात, "थोडंफार दुखणारच हो. शर्यतीच्या दिवशी अंगात येतं, काही कळत नाही." दोन्ही सल्ले एकमेकांच्या उलट वाटतात. तरी आपल्यातले बरेच जण ते दोन्ही पाळतात, एकापाठोपाठ एक. डिसेंबरात तीन आठवडे बुटांना हात लावत नाहीत आणि पैसे भरलेत, छातीवरच्या क्रमांकाचं बिब हातात आलंय म्हणून जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या गर्दीत उभे राहतात. ज्या सरावाने पाय सुधारला असता तो सोडतात आणि ज्या शर्यतीने बिघडेल ती मात्र धरून ठेवतात. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे: दुखापतीत सराव सोडू नये, काही सोडावंच लागलं तर शर्यत सोडावी.

आधी विश्रांतीचा पक्ष घेऊ. दुखणाऱ्या अवयवाला आराम द्यावा, हे सांगायला कुणी डॉक्टर लागत नाही. काही दुखण्यांत तर हेच खरं आहे. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा जात असण्याची शक्यता असते. जांघेत खोलवर दुखत असेल तर प्रकरण अधिक गंभीर असू शकतं. अशा वेळी धावणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठावा. इथे माझा विश्रांतिवाद्यांशी काडीचाही वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. हौशी धावपटूंच्या नेहमीच्या तक्रारी टाचेमागच्या टेंडनच्या म्हणजे कंडरेच्या, तळपायाच्या, गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या असतात. टेंडन भार पेलूनच भक्कम होतं. भार काढून घेतला की त्याची ताकद उतरते. तीन आठवडे बसून राहिल्यावर दुखणं शमतं, कारण टेंडनवर काही लादलेलंच नसतं. मग आपण थेट जुन्या अंतरावर परततो आणि दुखणंही परततं. तेव्हा "विश्रांती कमी पडली" असा निष्कर्ष काढून पुन्हा बसतो. या फेऱ्यात काहींची वर्षं जातात.

1998 मध्ये हाकन अल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टरने टाचेमागच्या जुनाट दुखण्याने त्रासलेल्या पंधरा हौशी खेळाडूंना पायरीच्या कडेवर उभं केलं. टाच सावकाश खाली सोडायची, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, दुखलं तरी. त्रास उरेनासा झाला की पाठीवर वजन वाढवायचं. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. संख्या लहान होती, हे खरं. म्हणून कारिन सिल्बरनागेल यांचा 2007 चा प्रयोग पाहा. त्यात 38 रुग्ण होते. एका गटाला पहिले सहा आठवडे धावणं-उड्या बंद. दुसऱ्याला परवानगी, पण दहापैकी पाचच्या वर दुखू द्यायचं नाही या अटीवर. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. इथे चतुर वाचक विचारेल, मग विश्रांतीही तितकीच बरी ठरली ना? नाही. कारण धावणं बंद असलेला गटही पोटरीचे तेच बळकटीचे व्यायाम करत होता. नुसतं बसून कुणीच नव्हतं. मोजून धावल्याने नुकसान झालं नाही आणि व्यायाम दोघांनाही करावे लागले, एवढा अर्थ त्यातून निघतो. माझ्या म्हणण्याला तो पुरेसा आहे.

दुखापतीवर विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने रूढ केली. बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं, असं त्यांनीच 2014 मध्ये लिहिलं. ज्याने सूत्र दिलं त्याने ते बदललं. आपण मात्र अजून तेच घोकत बसलो आहोत.

"धावून गुडघे झिजतात" हा विश्रांतिवाद्यांचा शेवटचा हुकमाचा एक्का. 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्क्यांत आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत 13.3 टक्के. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात ते धावण्याकडे वळतच नाहीत, हेही या फरकामागे असू शकतं. त्यामुळे धावणं हे गुडघ्याचं औषध आहे असं मी म्हणणार नाही. पण हौसेने धावणाऱ्याचे गुडघे झिजणारच, हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता जिद्दीचा पक्ष. त्यांच्या बाजूनेही सत्य आहे. प्रत्येक कुरबुरीला घाबरणारा माणूस 42.195 किलोमीटर कधीच पूर्ण करणार नाही. पण श्रमाचं दुखणं आणि दुखापतीचं दुखणं एक नव्हे. श्रमाचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत पसरतं आणि दोन दिवसांत ओसरतं. दुखापत एका बाजूला, एका जागी दुखते आणि चाल बदलायला लावते. लंगडत धावणारा आपलं ओझं दुसऱ्या पायावर, गुडघ्यावर, कंबरेवर ढकलत असतो. साताऱ्याची हिल मॅरेथॉन घ्या. यवतेश्वरच्या घाटात चढताना सगळा ताण पोटऱ्यांवर आणि टाचांवर येतो, परतीच्या उतारावर तो मांड्यांवर आणि गुडघ्यांवर. मनाने कितीही उसळी घेतली तरी त्या घाटाचा चढ कमी होत नाही.

मग वेदनाशामक गोळी येते. गोळीने टाच सुधारत नाही, फक्त टाचेची तक्रार आपल्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय ती फुकट पडत नाही. अल्ट्रामॅरेथॉनमध्ये 80 किलोमीटर धावणाऱ्यांवरच्या 2017 च्या प्रयोगात आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांच्या मूत्रपिंडांवर तीव्र आघात दिसला, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांच्या. प्रत्येक शर्यत 80 किलोमीटरची नसते, पण घाम गाळत असताना ही गोळी तोंडात टाकणं निरुपद्रवी नाही, एवढं त्यातून कळतं. गोळीशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं राहता येत नसेल, तर तिथे उभं राहू नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: शर्यतच सोडायची तर सराव कशासाठी? तारखेशिवाय पहाटे साडेचारला कोण उठतं? तारखेचा धाक मलाही हवा असतो. पण पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची, मुंबईची 2004 पासूनची. या शर्यती आपल्या टाचेपेक्षा जास्त टिकाऊ आहेत. प्रवेशशुल्क तर धावलो तरी गेलं, न धावलो तरी गेलं. ऑलिंपिकच्या धावपटूला एक शर्यत हुकली तर चार वर्षं जातात, कधी पोटाची भाकरीही जाते. आपलं त्यातलं काहीच जात नाही. न धावण्याची मुभा हीच हौशी माणसाची एकमेव श्रीमंती आहे आणि तीच आपण बिबसाठी उधळतो.

मग करायचं काय? धावताना दुखणं दहापैकी किती, हे वहीत लिहावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलांना टाच कशी वाटते, ते लिहावं. सकाळचं दुखणं वाढलेलं नसेल तर अंतर ठीक होतं. वाढलं असेल तर अंतर किंवा वेग कमी करावा, शून्य करू नये; उरलेला दम सायकलवर किंवा पोहण्याच्या तलावात टिकवावा. टाच उचलण्याचे व्यायाम जिन्याच्या पायरीवर होतात, त्याला जिमची पावती लागत नाही. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको, या लाडक्या नियमाचा मात्र फार आधार घेऊ नये. नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर केलेल्या 2008 च्या चाचणीत अशा सावकाश वाढीने दुखापती कमी झाल्या नव्हत्या. पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या 2025 च्या अभ्यासात धोका दिसला तो एकाच धावेत मोठी उडी घेणाऱ्यांना: गेल्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात धावणाऱ्यांना. महिनाभर बसून थेट शर्यतीत उतरणं ही त्यातली सर्वांत मोठी उडी.

आणि शर्यतीचा निर्णय ढोल-ताशांच्या गजरात घेऊ नये. तीन आठवडे आधी अटी लिहून ठेवाव्यात: लंगडल्याशिवाय लांब धाव झाली का, दुसऱ्या सकाळी जिना नेहमीसारखा उतरलो का, गोळी लागली का. एक जरी उत्तर वाईट आलं तर त्या वर्षी प्रेक्षक व्हावं आणि सोमवारी पुन्हा पायरीवर उभं राहावं. धावण्याचे ग्रुप चालवणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. पदकांचे फोटो मिरवणाऱ्यांना जेवढी शाबासकी देता, तेवढीच अटी पाळून घरी थांबलेल्यालाही द्या. दहा वर्षांनी तुमच्या ग्रुपमध्ये धावत असण्याची शक्यता त्याचीच जास्त आहे.